लाल बंगालचा जनाधार कसा आटला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



13 मे 2011 रोजी पश्चिम बंगाल विधानसभेची मतमोजणी झाली आणि मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य यादवपूर या आपल्या हक्काच्या मतदारसंघात 16,684 मतांनी पराभूत झाले. त्यांचा पराभव करणारे मनीष गुप्ता हे कोणी मुरलेले राजकारणी नव्हते. याच डाव्या आघाडीच्या सरकारात ते मुख्य सचिव होते. 21 जुलै 1993 रोजी कोलकात्यात युवक काँग्रेसच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला, तेरा कार्यकर्ते मृत्युमुखी पडले, तेव्हा हेच गृहस्थ गृहसचिव होते. त्या मोर्चाच्या नेत्या होत्या ममता बॅनर्जी. अठरा वर्षांनंतर त्याच ममताबाईंच्या पक्षाचे उमेदवार म्हणून गुप्ता निवडून आले. राजकारणाचे असे विनोद बंगालला नवे नाहीत. पण या विनोदाआड चौतीस वर्षांच्या सलग सत्तेचा अंत होता. 294 सदस्यांच्या सभागृहात तृणमूल काँग्रेसला 184 आणि काँग्रेसला 42 जागा मिळाल्या, तर संपूर्ण डाव्या आघाडीच्या वाट्याला 62 जागा आल्या. त्यातल्या माकपच्या केवळ 40.

पाच वर्षांपूर्वी, 2006 मध्ये, याच आघाडीने 235 जागा जिंकल्या होत्या. मग पाच वर्षांत असे काय घडले? बहुतेक वृत्तपत्रांनी सिंगूर आणि नंदिग्राम ही दोन नावे सांगून विषय संपविला. ते उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. भिंत एका धक्क्याने पडते तेव्हा धक्का सर्वांना दिसतो. भिंतीत वर्षानुवर्षे मुरलेली ओल मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. ही ओल कोठून आली, हा आजचा विषय आहे. आणि माकप हा कार्यकर्त्यांच्या बळावर उभा राहिलेला पक्ष असल्याने, कार्यकर्त्यांच्या बळावर चालणाऱ्या कोणत्याही संघटनेने हा विषय केवळ विरोधकाच्या फजितीची गंमत म्हणून ऐकण्याजोगा नाही.

साम्यवाद्यांविषयी वैचारिक मतभेद कितीही तीव्र असोत, त्यांना 1977 साली सत्ता फुकटात मिळाली नव्हती हे प्रथम मान्य करावे लागते. 1967 आणि 1969 ची संयुक्त आघाडीची सरकारे अल्पजीवी ठरली. त्यानंतर 1972 ते 1977 या सिद्धार्थशंकर राय यांच्या राजवटीत आणि आणीबाणीत या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले, गावे सोडली. 1977 मध्ये जनता पक्षाशी जागावाटपाची बोलणी फिसकटली, तेव्हा डावे पक्ष स्वबळावर लढले आणि माकपला एकट्यालाच 178 जागा मिळाल्या. त्या यशाने खुद्द त्यांचे नेतेही चकित झाले असणार, कारण ते जनता पक्षाला मोठा वाटा देऊन दुय्यम भूमिका घेण्यास तयार होते.

सत्ता मिळाल्यावर पहिल्या काही वर्षांत त्यांनी जे केले, त्यावरच पुढची तीस वर्षे ते जगले. 1978 मध्ये 'ऑपरेशन बर्गा' सुरू झाले. बर्गादार म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारा कूळ. त्याचे नाव कोणत्याही कागदावर नसे. मालकाची मर्जी फिरली की पिढ्यान् पिढ्या कसलेले शेत हातचे जाई. कायदा पूर्वीच झालेला होता, पण कूळ तलाठ्याच्या कचेरीत जाऊन मालकाविरुद्ध बोलणार कसे? तेव्हा सरकारी अधिकारीच सायंकाळी गावात जाऊन बसू लागले, उघड्यावर चौकशी होऊ लागली आणि नोंदी होऊ लागल्या. कालांतराने चौदा लाखांहून अधिक बर्गादारांची नोंद झाली. अवजारे-बियाणे कुळाचे असतील तर पिकाचा तीन चतुर्थांश वाटा त्याचा, हे केवळ कागदावर न राहता बऱ्याच अंशी बांधावर उतरले. कमाल जमीनधारणेतून निघालेली दहा लाख एकरांहून अधिक जमीन भूमिहीनांना वाटली गेली. त्याच वर्षी त्रिस्तरीय पंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि पुढे दर पाच वर्षांनी होत राहिल्या. उर्वरित देशाला यासाठी 1992-93 च्या घटनादुरुस्तीची वाट पाहावी लागली. ऐंशीच्या दशकात भाताचे उत्पादन वाढले, उन्हाळी 'बोरो' धानाची लागवड पसरली. खेड्यातल्या गरीब माणसाने लाल बावट्याला मत दिले ते मार्क्स वाचून दिले नाही. त्याच्या नावाचा कागद त्याला ज्यांनी मिळवून दिला, त्यांना दिले.

याच काळाची दुसरी बाजूही आहे आणि ती अनेक वर्षे कोणी फारशी उजेडात आणली नाही. पूर्व बंगालमधून आलेले, बहुतांशी नामशूद्र समाजाचे हिंदू निर्वासित दंडकारण्यात धाडले गेले होते. अशाच बंगाली निर्वासितांच्या वसाहती आपल्या गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा-चामोर्शी भागात आजही आहेत. विरोधात असताना डाव्या पक्षांची मागणी होती की या निर्वासितांना बंगालमध्येच वसवावे. सरकार त्यांचे आले, तेव्हा या भाबड्या माणसांनी त्या शब्दावर विश्वास ठेवला आणि हजारोंच्या संख्येने सुंदरबनातील मरिचझांपी बेटावर जाऊन वस्ती केली. शाळा काढली, नळविहिरी खणल्या, सरकारकडे पैसा मागितला नाही. जानेवारी 1979 मध्ये सरकारने बेटाची नाकेबंदी केली, अन्न-पाणी तोडले, गोळीबार झाला आणि मे महिन्यात वस्ती जाळून माणसे परत धाडली गेली. किती जण मेले याचा हिशेब आजतागायत एकमताने लागलेला नाही. 30 एप्रिल 1982 रोजी कोलकात्यात भर सकाळी बिजन सेतूवर आनंदमार्गाचे सोळा संन्यासी व एक संन्यासिनी यांना मारून जाळण्यात आले. त्या हत्याकांडात कोणालाही शिक्षा झाली नाही. तरीही सरकार पुन्हापुन्हा निवडून येत राहिले. मतदार सगळे विसरतो, असा सोयीस्कर निष्कर्ष यावरून पक्षाने काढला. तो किती फसवा होता, हे समजण्यास काळ जावा लागला.

आता मुख्य प्रश्नाकडे यावे. ज्या पक्षाने कुळाला मालकाच्या धाकातून सोडविले, तोच पक्ष कुळाला धाक वाटावा असा कसा झाला?

याचे उत्तर 'लोकल कमिटी' या दोन शब्दांत आहे. बंगालच्या खेड्यात पंचायत पक्षाची, शिक्षक संघटना पक्षाची, किसान सभा पक्षाची, सहकारी सोसायटी पक्षाची. हळूहळू असे झाले की रेशनकार्ड हवे, रुग्णालयात खाट हवी, दोन भावांत बांधाचा तंटा आहे, मुलीच्या सासरी भांडण आहे, नवे घर बांधायचे आहे, या प्रत्येक कामासाठी पायरी एकच: पक्षाचे कार्यालय. जात, देऊळ, भावकी, गावकी या समाजाच्या स्वाभाविक संस्था मागे पडल्या आणि त्यांच्या जागी पक्ष येऊन बसला. राज्यशास्त्राचे अभ्यासक द्वैपायन भट्टाचार्य यांनी या व्यवस्थेला 'पक्षसमाज' असे समर्पक नाव दिले आहे. आरंभी ही सोय होती. पक्षाचा मास्तर मध्ये पडे आणि तंटा न्यायालयात न जाता मिटे. पण जो तंटा मिटवितो त्याला तंटा हवासा वाटू लागतो, हा मनुष्यस्वभाव आहे. 1977 पूर्वी मार खाऊन पक्षात टिकलेली पिढी नव्वदच्या दशकात वृद्ध झाली होती. नंतर आलेल्यांनी पक्षाला विरोधात कधी पाहिलेच नव्हते. त्यांच्या दृष्टीने पक्ष म्हणजे सत्ता आणि सत्ता म्हणजे बदली, कंत्राट, परवाना, नेमणूक.

हे निदान केवळ विरोधकांचे नव्हते. ज्यांच्या भूमिसुधार खात्याने ऑपरेशन बर्गा राबविले, ते ज्येष्ठ मंत्री बिनय चौधरी नव्वदच्या दशकाच्या मध्यास उघडपणे म्हणाले होते की हे सरकार आता कंत्राटदारांचे झाले आहे. स्वच्छ चारित्र्याच्या या वृद्ध नेत्याला त्यावर ज्योती बसूंकडून मिळालेला प्रतिसाद असा होता की, मग ते या सरकारात राहिले कशाला? 1996 मध्ये पक्षाने स्वतःच 'शुद्धीकरणा'चा ठराव केला, 2009 मध्ये पुन्हा केला. शुद्धीकरण कोणाचे करावयाचे याची यादी मात्र ज्यांचे करावयाचे त्यांच्याच हाती होती.

शिक्षणक्षेत्रात हेच झाले. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी हद्दपार झाली. मातृभाषेतून शिक्षण या तत्त्वाशी कोणाचेही भांडण नसावे. पण नेत्यांची आणि अधिकाऱ्यांची मुले इंग्रजी शाळांत गेली आणि कुळाच्या मुलाची वाट अडली, तेव्हा तत्त्वाचा मुलामा उडाला. पुढे निर्णय फिरवावा लागला, तोवर एक पिढी हातची गेली होती. विद्यापीठांतील कुलगुरूंपासून प्राध्यापकांपर्यंतच्या नेमणुकांवर राज्य सचिव अनिल विश्वास यांची पकड अशी होती की बंगाली माणसाने त्यासाठी 'अनिलायन' हा शब्दच घडविला. लोक एखाद्या गोष्टीवर शब्दकोटी करू लागले की समजावे, ती त्यांना बोचू लागली आहे.

उद्योगांची कथा सर्वांना ठाऊक आहे. साठच्या दशकातील घेराव, बंद पडलेल्या ताग गिरण्या, संगणकाला विरोध, मुंबई-बंगळूरकडे गेलेले सुशिक्षित तरुण. शेतीने दिलेला आधारही कायमचा नव्हता. बर्गादाराच्या दोन-तीन बिघ्यांचे मुलांत तुकडे झाले आणि त्याच्या मुलाला आता शेत नव्हे, नोकरी हवी होती. 2000 च्या नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्री झालेल्या बुद्धदेव भट्टाचार्यांना हे कळले होते. कारखाने हवेत, हे त्यांचे निदान अचूक होते. गाडे अडले ते औषध देण्याच्या पद्धतीवर.

येथे एका गणिताकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे, कारण ते फार थोडे लोक पाहतात. 2001 मध्ये डाव्या आघाडीला सुमारे 49 टक्के मतांत 199 जागा होत्या. 2006 मध्ये सुमारे 50 टक्के मतांत 235 झाल्या. म्हणजे मते वाढली टक्का-दीड टक्का, जागा वाढल्या छत्तीस. कारण स्पष्ट होते. 2001 मध्ये तृणमूल आणि काँग्रेस एकत्र होते, 2006 मध्ये ते वेगळे लढले. त्या वर्षी दोघांच्या मतांची बेरीज 41 टक्क्यांच्या पुढे होती. राज्यातला जवळजवळ दर दुसरा मतदार सरकारच्या विरोधात मत देत होता आणि हे तीस वर्षे चालू होते. पक्षाने मतांची टक्केवारी पाहिली नाही, जागा पाहिल्या. "आम्ही 235, ते 30" या अर्थाचे मुख्यमंत्र्यांचे उद्गार पुढे त्यांच्याच गळ्यात अडकले. विभागलेल्या विरोधकांमुळे मिळालेले बहुमत आणि जनतेने दिलेला कौल यांतला भेद ज्याला उमगत नाही, त्याला पुढचा खड्डा दिसत नाही.

18 मे 2006 रोजी नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला आणि त्याच दिवशी सिंगूरच्या मोटार कारखान्याची घोषणा झाली. सुमारे 997 एकर जमीन, तीही सुपीक, बहुपिकी. ती घेण्यासाठी वापरला गेला तो इंग्रजांचा 1894 चा भूसंपादन कायदा. भरपाईत नोंदणीकृत बर्गादाराला जमिनीच्या किमतीच्या चतुर्थांश रक्कम होती. ज्याची नोंद झालीच नव्हती त्या कुळाला आणि शेतमजुराला काहीच नव्हते. ज्या पक्षाची पुण्याई कुळाच्या नोंदीवर उभी होती, त्याच पक्षाच्या राज्यात नोंद नसलेली कुळे पोलिसांच्या कुंपणाबाहेर उभी राहिली. विशेष म्हणजे, एकेका बांधाची माहिती असणारी लोकल कमिटी हाताशी असूनही सरकारला या असंतोषाचा अंदाज आला नाही. कसा यावा? खालून वर जाणारी माहिती केव्हाच थांबली होती. खालचा कार्यकर्ता वर तेच कळवीत होता जे वरच्यांना ऐकावयाचे होते. ऑक्टोबर 2008 मध्ये कारखाना गुजरातमध्ये साणंदला गेला. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते भूसंपादनच रद्द ठरविले.

नंदिग्राममध्ये तर जमीन घेतलीही गेली नव्हती. रसायन प्रकल्पासाठी ती जाणार या सूचनेनेच गावे पेटली, रस्ते खणले गेले. 14 मार्च 2007 रोजी पोलीस गावात शिरले. गोळीबारात चौदा माणसे मेली. राज्यपाल गोपाळकृष्ण गांधी यांनी जाहीर निवेदनातून आपला थरकाप व्यक्त केला. नोव्हेंबरमध्ये पक्षाच्या सशस्त्र टोळ्यांनी ती गावे 'परत जिंकली' आणि मुख्यमंत्र्यांनी 'जशास तसे' अशा शब्दांत त्याचे समर्थन केले. पुढे त्यांनी खेद व्यक्त केला, पण तोवर कोलकात्याचा भद्रलोक रस्त्यावर उतरला होता. 14 नोव्हेंबर 2007 रोजी लेखक, चित्रकार, नाट्यकर्मी, विद्यार्थी यांचा बिनझेंड्याचा विराट मोर्चा निघाला. यांतील कित्येक जण आयुष्यभर डाव्यांचे सहप्रवासी होते. पक्षाच्या नैतिक प्रतिष्ठेची हमी ज्यांनी घेतली होती, त्यांनीच ती काढून घेतली.

त्याच सुमारास बांकुडा, वर्धमान, वीरभूम जिल्ह्यांत रेशन दुकानदारांवर लोक चालून गेले. या दंगली फारशा कोणाच्या स्मरणात नाहीत. पण निदानाच्या दृष्टीने त्या नंदिग्रामइतक्याच महत्त्वाच्या आहेत. तेथे जमिनीचा प्रश्न नव्हता, विरोधी पक्षाचे नेतृत्व नव्हते. गहू काळ्या बाजारात जातो आणि दुकानदार पक्षाच्या छत्राखाली असतो, एवढ्यावर गावे उठली.

अल्पसंख्य मतांचे काय झाले? मुस्लिम मतदार आपल्या खिशात आहे या भ्रमात हा पक्ष होता. त्या भ्रमापायी 2003 मध्ये तसलिमा नसरीन यांच्या 'द्विखंडित' या पुस्तकावर बंदी घालण्यात आली, जी उच्च न्यायालयाने पुढे उठविली. नोव्हेंबर 2007 मध्ये कोलकात्यात दंगल होताच या लेखिकेला राज्याबाहेर पाठविण्यात आले. विचारस्वातंत्र्याचे अखंड पाठ देणाऱ्यांची ही तऱ्हा. आणि इतके करूनही हाती काय लागले? 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखविले की राज्यात लोकसंख्येच्या सुमारे चतुर्थांश असलेल्या या समाजाचा सरकारी नोकऱ्यांतील वाटा नगण्य आहे. तीस वर्षांच्या लांगूलचालनातून ना शिक्षण मिळाले ना रोजगार. तो मतदारही 2008 पासून उठून गेला.

पुढचा क्रम वेगाने सांगता येईल. 2008 च्या पंचायत निवडणुकीत पूर्व मेदिनीपूर आणि दक्षिण चोवीस परगणा या जिल्हा परिषदा गेल्या. 2009 च्या लोकसभेत 42 पैकी 15 जागा उरल्या. 2010 मध्ये कोलकाता महापालिका गेली. 7 जानेवारी 2011 रोजी नेताई गावात पक्षाच्या सशस्त्र तळावरून गोळीबार होऊन नऊ ग्रामस्थ ठार झाले. आणि मे महिन्यात निकाल लागला. आघाडीची मते सुमारे 50 टक्क्यांवरून 41 वर आली होती. नऊ टक्क्यांची ही घट, पण समोर विरोधक एकवटलेले. जागा 235 वरून 62.

येथवरची कथा पुष्कळांना ठाऊक असते. खरी शिकण्यासारखी कथा त्यानंतरची आहे. 41 टक्के मते म्हणजे काही लहान ठेव नव्हे. एवढ्या भांडवलावर कोणताही पक्ष पाच वर्षांत पुन्हा उभा राहू शकतो. केरळात तर दोन आघाड्यांची ये-जा दशकानुदशके चालू राहिली. बंगालमध्ये मात्र माकपची मते 2014 मध्ये 23 टक्क्यांवर, 2016 मध्ये 20 च्या खाली आणि 2019 मध्ये सहा टक्क्यांच्या घरात आली. त्या लोकसभा निवडणुकीत डाव्यांचा एक उमेदवार वगळता सर्वांच्या अनामत रकमा जप्त झाल्या. 2021 मध्ये विधानसभेत शून्य.

सत्ता गेल्यावर पक्ष इतक्या झपाट्याने का विरघळला? कारण सत्तेखेरीज त्याला बांधून ठेवणारे काही उरलेच नव्हते. ज्या गावात पक्ष म्हणजे रेशन, खाट आणि तंटानिवारण, तेथे सत्तेचा रंग बदलताच कार्यालयाचा रंगही बदलला. कालपर्यंत लाल झेंड्याखाली खंडणी घेणारा दादा दुसऱ्या झेंड्याखाली तेच करू लागला. ज्यांना तसे करावयाचे नव्हते ते मार खाऊ लागले, आणि 1972 प्रमाणे मार खात उभे राहण्याची सवय संघटनेतून निघून गेली होती. 2018 च्या पंचायत निवडणुकीत सुमारे 34 टक्के जागा तृणमूलने बिनविरोध मिळविल्या. गाव मुठीत ठेवण्याची ही विद्या नव्या सत्ताधाऱ्यांनी कोठून आत्मसात केली, हे वेगळे सांगावयास नको.

बुद्धदेवबाबूंविषयी एक गोष्ट न्यायाने नोंदविली पाहिजे. मुख्यमंत्री असताना आणि नंतरही ते पाम अॅव्हेन्यूवरील दोन खोल्यांच्या सरकारी सदनिकेत राहिले. 8 ऑगस्ट 2024 रोजी ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या कडव्या विरोधकांनीही त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेतली नाही. शिखरावरचा माणूस निर्मळ होता. पण सिंगूरच्या शेतकऱ्याची गाठ त्यांच्याशी कधी पडलीच नाही. त्याची गाठ पडे ती लोकल कमिटीच्या सचिवाशी, त्याच्या नव्या दुमजली घराशी, त्याच्या मेव्हण्याच्या रेशन दुकानाशी. गावाने पक्ष ओळखला तो या माणसावरून.

शेवटी जो भाग या सभागृहात बसलेल्यांना सर्वांत जवळचा आहे, त्याविषयी. डाव्यांची गेलेली मते कोठे गेली? बंगालमध्येच म्हण रूढ झाली, 'बामेर भोट रामे', म्हणजे डाव्यांची मते रामाकडे. भारतीय जनता पक्षाला 2011 च्या विधानसभेत राज्यात सुमारे चार टक्के मते होती; 2019 च्या लोकसभेत 40 टक्क्यांहून अधिक मते आणि 18 जागा मिळाल्या. या वाढीत विचाराने आलेला मतदार होता, सीमेवरील घुसखोरीने अस्वस्थ झालेला होता, आणि मरिचझांपीची जखम वागविणारा निर्वासित समाजही होता. पण त्यांच्याबरोबर असा एक मोठा वर्ग होता, जो काल लाल झेंड्याखाली होता आणि आज केवळ संरक्षणासाठी आला होता. त्याला विचारधारा नको होती. मारापासून वाचविणारे कोणीतरी हवे होते. 2021 मध्ये विधानसभेत 77 जागा मिळाल्या, हे त्यापूर्वीच्या तीन जागांच्या तुलनेत प्रचंड यश होते. तरी सत्ता आली नाही, आणि निकालानंतर महिन्याभरातच परतीची रांग लागली. त्या रांगेत नामवंत नेते होते, तसे खेड्यातले हजारो अनामिकही होते. निकालानंतरच्या हिंसाचारात ज्यांची घरे जळली ते शेजारच्या आसामात आश्रयाला गेले, त्यांतले कित्येक परतल्यावर गप्प झाले.

आश्रयासाठी आलेला मतदार आणि विश्वासाने आलेला मतदार मतपेटीत सारखाच मोजला जातो. त्यांतला फरक कळतो तो पराभवानंतरच्या पहिल्या रात्री, त्या गावात कोण कोणाच्या दारी उभे राहते यावरून. डाव्या आघाडीकडे 13 मे 2011 च्या रात्री 41 टक्के मतदार होते, आणि दारी जाणारे फार थोडे होते.